इथे भेटायचे कुणाला?

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार. सकाळच्या गाडीने अमळनेरला उतरलो. त्या दिवशी गावात दोन मांडव होते. प्रताप महाविद्यालयाच्या आवारात ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, अध्यक्ष डॉ. रवींद्र शोभणे. दुसरीकडे १८ वे विद्रोही साहित्य संमेलन, अध्यक्ष डॉ. वासुदेव मुलाटे. मी दोन्हीकडे गेलो. कुणाची बाजू घ्यायची म्हणून नव्हे. चाळीसेक वर्षे लिहितो आहे, पुस्तकांचे स्टॉल आणि चहाची टपरी दोन्हीकडे होती, एवढे कारण मला पुरते.

पुस्तकांच्या दालनाबाहेर चोपडा तालुक्यातला एक पोरगा भेटला. शेख आडनाव, हातात प्लास्टिकची फाइल, आत कविता. म्हणाला, "सर, भाषणं ऐकून झाली. आता इथं भेटायचं कुणाला?"

हा प्रश्न फार जुना आहे. ११ मे १८७८ रोजी न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात पहिली ग्रंथकारांची सभा भरली. आजच्या संमेलनांचे मूळ तिथे आहे. हेतू व्यवहाराचा होता : लिहिणाऱ्यांनी एकमेकांना ओळखावे, मराठी पुस्तके निघावीत, खपावीत. म्हणजे ही लेखनाच्या धंद्यातल्या लोकांची बैठकच. १८८५ मध्ये दुसरी सभा भरताना महात्मा फुल्यांना निमंत्रण गेले. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या पुस्तकांत नाही त्यांच्यात मिसळून आमचा काय फायदा, असा त्या पत्राचा आशय. पहिल्या मांडवाचा खांब रोवला तेव्हाच दुसऱ्या मांडवाची जागा ठरली होती, असे मला वाटते. मार्च १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले, उद्‌घाटक अण्णाभाऊ साठे. १९९९ मध्ये धारावीत पहिले विद्रोही संमेलन झाले, अध्यक्ष बाबुराव बागुल.

अमळनेरला अखिल भारतीय संमेलन याआधी १९५२ मध्ये झाले होते. अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, 'मराठी व्युत्पत्ति कोश'कार. मराठी शब्दांची कुळे शोधणारा हा माणूस. लेखकाच्या रोजच्या वापरातले कागद आणि शाई हे दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. शब्द मराठीच्या घरात केव्हाच नांदू लागले होते. ते शब्द घेऊन आलेल्यांची पोरे मराठी लेखक म्हणून ओळखली जायला मात्र वेळ लागला.

माझाच अनुभव सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका नियतकालिकाच्या कचेरीत कथा घेऊन गेलो. संपादकांनी नाव वाचले आणि कौतुकाने म्हणाले, "मराठी छान लिहिता हो तुम्ही!" कथेबद्दल एक शब्द नाही. घरी अब्बांना सांगितले. त्यांची शाळाही मराठीच. ते इतकेच म्हणाले, "मग त्यांना काय वाटलं, आपण घरात काय बोलतो?"

१९९० हे वर्ष म्हणूनच माझ्या लक्षात आहे. त्या वर्षी पुण्याच्या ६३ व्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते, संत आणि महानुभाव साहित्याचे अभ्यासक. आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यामागे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांचे सोबती होते. "यू. म. अध्यक्ष झाले, मग वेगळी चूल कशाला?" असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. एक माणूस अध्यक्ष होणे आणि पन्नास नवख्यांना एकमेकांचे पत्ते मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी पुढच्या एका संमेलनाला गेलो. ठराव आठवत नाहीत. सतरंजीवर रात्री दोनपर्यंत चाललेल्या गप्पा आठवतात. कुणी कोकणातला, कुणी लातूरकडचा. तिथे पहिल्यांदा कुणी माझ्या कथेचा शेवट फसला आहे असे तोंडावर सांगितले. मराठी कशी येते, हे कुणी विचारले नाही. पहिल्या पुस्तकाचा प्रकाशकही त्याच ओळखीतून मिळाला.

याची किंमतही होती. पुढची काही वर्षे मला बोलावणी आली ती तलाकवर नाहीतर रमजानवर बोलायला. मी खानदेशातल्या कापसावर कादंबरी लिहितोय, हे परिसंवाद ठरवणाऱ्यांच्या डोक्यात बसत नसे. जिने ओळख दिली त्याच पाटीने पुढची वाट अडवली. तरी ती पाटी नसती तर दारापर्यंतही पोचलो नसतो.

आणि एक गोष्ट आपणही मान्य करावी. आपले संमेलन दरवर्षी भरले नाही. मांडव उठला की पत्ता उरत नसे. माणूस घडवायला तीन दिवस पुरत नाहीत, आणि याचा पुरावा अमळनेरातच उभा आहे. १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठजींनी इथे तत्त्वज्ञान मंदिर काढले. देशभरातून तरुण अभ्यासक यायचे, विद्यावेतनावर राहायचे, रोज वाद घालायचे. १९२५ पासून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक इथून निघू लागले, संपादक घ. र. मलकानी. म्हणजे वाद घालायला सोबती आणि छापायला जागा, दोन्ही एकाच आवारात. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी अज्ञान या एकाच संकल्पनेवर एकमेकांशी वाद घालत लिहिलेले पुस्तक १९३३ मध्ये लंडनच्या ल्युझॅकने काढले. मूर्ती पुढे बनारसला गेले आणि बौद्ध माध्यमिक दर्शनावरच्या ग्रंथामुळे जगभर वाचले गेले. साने गुरुजीही आधी या मंदिरात आले, मग प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. 'इस्लामी संस्कृती' लिहिणारे गुरुजी ते हेच. अमळनेरात मुसलमान नाव विचारले की लोक विप्रोच्या प्रेमजींचे सांगतात, ते बरोबरच आहे. पण प्रताप शेठजींसारखा दाता आपल्या लेखकांना अजून मिळालेला नाही.

तर तो चोपड्याचा पोरगा. त्याला व्यासपीठाकडे नेले नाही. एका छोट्या प्रकाशकाच्या स्टॉलवर नेले, तिथल्या माणसाशी गाठ घालून दिली आणि मी चहाला गेलो. तासाभराने परतलो तर फाइलमधली चार पाने कमी झाली होती आणि त्याच्या तळहातावर निळ्या शाईत एक मोबाइल नंबर होता.

"सर, कवितेखाली पूर्ण नाव लिहू, की टोपणनाव घेऊ? ते विचारत होते."

"तुला काय वाटतं?"

त्याने खिशातला पेन काढला, उरलेल्या पानांवर, एकेका कवितेखाली, सावकाश पूर्ण नाव लिहिले.