ग्रहणयंत्र कोणाचें?

घरांत तीन खोल्या आहेत, प्रत्येक खोलींत दूरचित्रवाणीचा संच आहे, गच्चीवर छत्री मात्र एकच आहे. आणि जुना बॉक्स काढून त्याच्या जागीं नवा, कार्यक्रम साठवून ठेवणारा बॉक्स बसवावयाचा आहे. असा प्रसंग आज शहरांतील पुष्कळ कुटुंबांवर येतो. हा विषय दुकानदाराचा व तारा ओढणाऱ्या कारागिराचा. त्यांत इतिहासाच्या शिक्षकानें बोलण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. परंतु लहरी पकडणाऱ्या या यंत्राला आपल्या देशांत जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांतून एक प्रश्न सारखा डोकें वर काढतो. पैसे आपण देतों, भिंत आपली, वीज आपली. मग तें यंत्र कोणाच्या आज्ञेंत वागतें? श्रोतेहो, आज या एकाच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

आपलें शहर आज छत्रपती संभाजीनगर या नांवानें ओळखलें जातें. काल तें औरंगाबाद होतें आणि त्याही पूर्वीं खडकी. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें डोंगराकडील पाणी जमिनीखालच्या पाटांनीं या गांवांत आणलें. त्या नहरीची कीर्ति आपण सर्वांनीं ऐकली आहे. पाणी नहरीचें, पण घागर ज्याची त्याची, अशी ती व्यवस्था. तांब्याची घागर नेली तरी ती भरे, मातीची नेली तरी भरे. ही साधी गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

आपल्या देशांत नियमित ध्वनिक्षेपणाला आरंभ झाला तो २३ जुलै १९२७ रोजीं, मुंबईस. त्या काळीं रेडिओ घ्यावयाचा तर सरकारकडून वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा लागे. सरकारचा हात तेथपर्यंत पोंचला होता. परंतु एकदां परवाना हातीं आला, कीं गच्चीवर तार ताणावी, खुंटी फिरवावी आणि जें केंद्र लागेल तें ऐकावें. निजामाच्या राज्यांत १९३५ सालीं हैदराबादचें नभोवाणी केंद्र सरकारी झालें. तेथून उर्दूबरोबर तेलुगू, कानडी व मराठी या भाषांतही कार्यक्रम होत. १९४७ सालीं देशी संस्थानांत जीं पांच केंद्रें होतीं, त्यांत बडोदें, म्हैसूर, त्रिवेंद्रम व हैदराबाद यांच्या पंक्तीला आपलें औरंगाबादही बसलें होतें, ही गोष्ट नव्या पिढीला ठाऊक नसते. १९५० सालापर्यंत संस्थानी केंद्रें आकाशवाणीकडे आलीं. केंद्राचा धनी बदलला. घरोघरच्या रेडिओंना मात्र त्याची वार्ताही लागली नाहीं. कोणालाही आपला संच बदलावा लागला नाहीं, कीं त्यांतील एक काचेची नळीही बदलावी लागली नाहीं.

या स्वातंत्र्याची खरी किंमत १९४२ सालीं दिसून आली. पुढारी तुरुंगांत होते आणि वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधलेल्या होत्या. अशा वेळीं उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत गुप्तपणें काँग्रेस रेडिओ चालविला. ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरच्या छाप्यापर्यंत, जागा बदलीत बदलीत, ४२.३४ मीटरवर तो बोलत राहिला. आतां विचार करा. सरकारी परवान्यानें घेतलेल्या संचांवरच लोकांनीं सरकारच्या शत्रूचा आवाज ऐकला! कारण तो संच कोणालाही विचारीत नसे. लहर आली कीं तो बोले. घागर ज्याची त्याची होती, ती अशी.

दूरचित्रवाणी दिल्लींत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं प्रयोगादाखल सुरू झाली व मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं आली. उपग्रहाचा प्रयोग झाला तो १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षांत. अमेरिकेचा उपग्रह वर्षाच्या बोलीनें घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या मोठ्या छत्र्या बसविण्यांत आल्या. आपला मराठवाडा त्यांत नव्हता. पण शेजारच्या कर्नाटकांतील गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे होते. या प्रयोगांतील संच गांवाचा असे. सारें गांव एका संचासमोर बसे. आज एका घरांत तीन संच असतात आणि प्रत्येकासमोर एकेकच माणूस बसलेला असतो. हा पालट अवघ्या अर्ध्या शतकांतला आहे.

१५ ऑगस्ट १९८२ रोजीं चित्रांत रंग आला, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धांत या इतिहासांत आपल्या शहराचें नांव ठळकपणें उमटलें. धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉन कंपनीनें पैठण रस्त्यावरील चितेगांव येथें, जपानच्या तोशिबा कंपनीच्या तांत्रिक साह्यानें, रंगीत संच तयार करण्यास आरंभ केला. पैठणी व हिमरू यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या या टापूंतून आतां दूरचित्रवाणीचे संच देशभर जाऊं लागले. गच्चीगच्चीवर माशाच्या सांगाड्यासारखे अँटेने उभे राहिले. या काळापर्यंतही नियम जुनाच होता. संच कोणत्याही कंपनीचा असो, चित्र सर्वांना सारखेंच लागे. घरांत भाड्यानें व्हिडिओ आणला तरी एका व्ही. एच. एस. यंत्रांतील कॅसेट शेजाऱ्याच्या व्ही. एच. एस. यंत्रांत चाले, लग्नाची कॅसेट आळींतील दहा घरें फिरून येई.

पालट झाला तो १९९१ नंतर. परदेशी व खासगी वाहिन्या उपग्रहावरून येऊं लागल्या. त्यांच्या लहरी पकडण्यास मोठी छत्री लागे, म्हणून ती केबलवाल्यानें घेतली व आपल्या घरीं केवळ वायर आली. लहान छत्रीवर थेट घरांत कार्यक्रम घेण्यास सरकारनें १९९७ सालीं बंदी केली. ती २००० सालीं उठली. मग २००३ मध्यें डिश टीव्ही, २००४ च्या डिसेंबरांत दूरदर्शनची विनामूल्य सेवा, २००६ मध्यें टाटा स्काय आणि २००९ मध्यें व्हिडिओकॉनची डी-टू-एच, अशा सेवा एकामागून एक आल्या. व्हिडिओकॉननें तर उपग्रहाचें ग्रहणयंत्र पोटांतच असलेले दूरचित्रवाणी संचही बाजारांत आणले. पुढें ३१ मार्च २०१३ या मुदतीनें देशांतील अडतीस शहरांच्या केबललाही बॉक्सची सक्ति झाली. त्या यादींत औरंगाबाद होतें.

या बॉक्सबरोबर एक नवी वस्तु घरांत आली. ती म्हणजे कुलूप. वर्गणी न देणाऱ्यास कार्यक्रम दिसूं नये म्हणून लहरी सांकेतिक रूपांत पाठवितात, आणि त्या उलगडण्याची किल्ली बॉक्सांत व त्यांतील कार्डांत असते. कंपनीनें आपली वर्गणी वसूल करावी यांत अन्याय कांहींच नाहीं. पण त्या किल्लीबरोबर घागरही कंपनीची झाली. एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या सेवेवर चालत नाहीं. गंमत अशी, कीं निरनिराळ्या कंपन्यांचे बॉक्स एकमेकांवर चालावेत अशी अट सरकारच्या २००१ सालच्या नियमांतच होती, आणि तीच शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२० च्या एप्रिलांत पुनः केली. नियम कागदावर राहिला व बॉक्स माळ्यावर गेले.

आतां तीन खोल्यांच्या प्रश्नाकडे येऊं. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, आपल्या शहराच्या रेखांशाच्या पूर्वेस आहेत; म्हणून आपल्या गच्च्यांवरच्या छत्र्या आग्नेयेच्या अंगाला तोंड करून बसलेल्या दिसतात. छत्रीच्या तोंडाशीं जो लहान डबा असतो, तो उपग्रहाच्या अतिद्रुत लहरी वायरींतून वाहतील इतक्या मंद करतो. त्या लहरी दोन जातींच्या असतात, उभ्या व आडव्या. कोणती जात हवी हें खालचा बॉक्स वायरींतूनच डब्याला कळवितो. साधारणपणें १३ व्होल्ट दिले तर एक, १८ दिले तर दुसरी. म्हणजे साध्या डब्याच्या एका वायरीला दोन खोल्या जोडल्या, तर एक बॉक्स उभी लहर मागतो व दुसरा आडवी, आणि दोघांचें भांडण होऊन एकाचें चित्र जातें. यास्तव दोन किंवा चार तोंडांचा डबा घ्यावा व प्रत्येक खोलीस स्वतंत्र वायर ओढावी. एक कार्यक्रम पाहतांना दुसरा साठविणाऱ्या रेकॉर्डरांत ग्राहक-भाग दोन असतात, म्हणून त्याला पुष्कळदां दोन वायरी लागतात. जोराच्या पावसांत चित्र फाटलें, तर दोष बॉक्सचाच असेल असें नाहीं. या लहरी पावसाच्या सरींत शोषल्या जातात.

खर्चाचीही एक बाजू आहे. एका घरांतील दुसऱ्या व तिसऱ्या संचासाठीं मूळ जोडणीच्या आकाराच्या शेंकडा चाळीसहून अधिक घेऊं नये, असें बंधन नियामकानें २०२० सालीं घातलें होतें; परंतु २०२४ मध्यें या आकाराची कमाल मर्यादाच काढून टाकण्यांत आली. म्हणून खोलीगणिक दर काय, हें आधीं लेखी विचारून घेणें इष्ट.

सर्वांत मोठी गोष्ट मात्र रेकॉर्डरची आहे. टाटा स्कायनें २००८ सालीं असा रेकॉर्डर आणला, आणि कार्यक्रमाची वेळ पाळण्याचें बंधन सुटलें. वेळ आपल्या हातीं आली, असें लोकांना वाटलें. आणि तें कांहीं अंशीं खरेंही होतें. परंतु अशा बहुतेक रेकॉर्डरांत साठविलेला कार्यक्रमही कुलूपबंदच असतो व त्याची किल्ली त्याच एका बॉक्सांत असते. बॉक्स बिघडला, बदलला, किंवा कांहीं सेवांत नुसती वर्गणी थांबली, कीं साठविलेलें सर्व मुकें होतें. बाहेरून जोडलेल्या तबकडीवर साठविलें तरी सामान्यतः हीच स्थिति. एखाद्या आजीनें नातीचें गाणें ज्या कार्यक्रमांत झालें तो चार वर्षें जपून ठेवला असेल. बॉक्स बदलणारा मनुष्य दहा मिनिटांत तो बरोबर घेऊन जातो, आणि काय नेलें हें त्यालाही ठाऊक नसतें. जुनी कॅसेट बुरसली तरी कपाटांत राही, व कोणी जाणता तिच्यांतून चित्र काढून देई. येथें वस्तु धड असून चित्र हातचें जातें.

आपल्या शहरानें या गोष्टीची दुसरीही बाजू पाहिली. व्हिडिओकॉनची डी-टू-एच २०१८ सालीं डिश टीव्हींत विलीन झाली, आणि त्याच वर्षीं मूळ व्हिडिओकॉन कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. चितेगांवच्या ज्या कारखान्यावर कित्येक घरांची चूल पेटत असे, त्याची रया गेली. सेवा चालू राहिली म्हणून ग्राहकांचीं चित्रें चालू राहिलीं. पण ती बंद पडती, तर आपल्याच गांवच्या कंपनीचा धडधाकट बॉक्स आपल्याच गांवांत निरुपयोगी ठरता. १९५० सालीं केंद्राचा धनी बदलला तेव्हां कोणत्याही रेडिओवर असें संकट आलें नव्हतें. दोन काळांतील हा भेद लहान नाहीं.

यावरून नवें यंत्र घेऊं नये असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. चित्र आज अधिक स्वच्छ आहे, निवड अधिक आहे, आणि खेड्यांतील मुलास तेंच दिसतें जें शहरांतील मुलास दिसतें. हा लाभ मोठा आहे. दूरदर्शनच्या विनामूल्य सेवेस तर आजही मासिक वर्गणी पडत नाहीं. माझें सांगणें इतकेंच, कीं बॉक्स बदलण्यापूर्वीं गृहस्थानें चार गोष्टी विचाराव्यात. बॉक्स विकत मिळतो कीं वापरण्यापुरता? सेवा सोडली तर त्याचें काय करावयाचें? साठविलेलें नव्या यंत्रांत नेतां येईल काय? आणि येत नसेल, तर जुना बॉक्स परत देण्यापूर्वीं घरच्या सर्वांना एकत्र बसून तें एकदां पाहण्यास सवड मिळेल काय? भिंतींत वायरी घालतांना त्या नळींतून घालाव्यात. यंत्रें येतील व जातील, वाट आपली राहील.

शेवटचें मागणें सरकारपाशीं व नियामकापाशीं आहे. दोन वेळां लिहिलेला नियम तिसऱ्यांदां लिहूं नका, तो अमलांत आणा. पाण्याचें मोल देण्यास लोक तयार आहेत. घागर मात्र ज्याची त्याची असावी.