हिलसाच्या कानातली गंगा

1975 साली पश्चिम बंगालमध्ये गंगेवरचा फराक्का बंधारा सुरू झाला. लांबी सुमारे सव्वादोन किलोमीटर. कोलकाता बंदर गाळाने भरत चाललं होतं, म्हणून गंगेचं पाणी हुगळीत वळवून तो गाळ वाहून न्यायचा, हा हेतू. त्याआधी समुद्रातला हिलसा, म्हणजे बंगाल्यांचा इलिश, अंडी घालायला गंगेतून पार अलाहाबादपर्यंत चढायचा. बंधाऱ्यानंतर वरच्या भागात तो जवळजवळ दिसेनासा झाला.

एवढी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला त्यातला पुराव्याचा भाग छळतो. हिलशाचा इतिहास आपल्याकडे आहे तो माणसांनी लिहिलेला. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. फ्रान्सिस डेने 1873 मध्ये भारत आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर सरकारला अहवाल दिला. पुढे बाजारातल्या आवकीचे आकडे आले. पण मासा कुठे पकडला, एवढंच अशा नोंदी सांगू शकतात. तो जन्मला कुठे, समुद्रात कधी गेला होता का, याचं उत्तर त्यांत नसतं.

आणि नेमकं तेच उत्तर हवं आहे. काही हिलसे समुद्रात न जाता आयुष्यभर नदीतच राहतात, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. मग आज फराक्क्याच्या वर एखादा हिलसा सापडला, तर तो बंधारा ओलांडून आला, की वरच अडकलेल्यांचा वंशज आहे? जाळ्यात दोघं सारखेच दिसतात. पण एका उत्तराचा अर्थ वाट अजून थोडी उघडी आहे असा, आणि दुसऱ्याचा अर्थ ती बंद झाली असा.

या प्रश्नाची नोंद मासा स्वतःच्या कानात ठेवतो. हाडं असलेल्या माशांच्या कानात चुन्याचा बारीक खडा असतो, त्याला ऑटोलिथ म्हणतात. तो थरावर थर चढत वाढतो. हे थर रोजच्या रोज चढतात, हे जॉर्जिओ पॅनेला यांनी 1971 मध्ये दाखवलं. चढलेला थर सहसा पुन्हा विरघळत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत ही लॉग फाइल आहे: नवी ओळ जोडता येते, जुनी खोडता येत नाही.

थर चढताना कॅल्शियमच्या जागी पाण्यातलं थोडं स्ट्रॉन्शियमही बसतं. स्ट्रॉन्शियम-87 आणि 86 या समस्थानिकांचं प्रमाण जगभरच्या समुद्रात एकच असतं, सुमारे 0.709. नदीत मात्र ते खडकांवर ठरतं. हिमालयातल्या जुन्या खडकांमधल्या रुबिडियमचं अतिशय संथपणे स्ट्रॉन्शियम-87 होत आलं आहे, म्हणून गंगेत हे प्रमाण 0.72 च्या वर जातं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले एस. कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये गंगा-ब्रह्मपुत्रेतल्या या प्रमाणांचा अभ्यास मांडला. त्यांचा विषय हिमालयाची झीज हा होता. पण त्याच आकड्यांमुळे गंगेला अशी सही मिळाली, जी समुद्राच्या सहीशी गल्लत होऊ देत नाही.

1997 मध्ये अमेरिकेत व्हरमाँटच्या ओढ्यांतले सामन मासे अशा सहीवरून ओळखता येतात, असा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. 2003 मध्ये डेव्हिड मिल्टन आणि सायमन चेनेरी यांनी हेच तंत्र हिलशाच्या खड्यांवर वापरलं. खड्याच्या मध्यापासून कडेपर्यंत लेझरची रेघ ओढायची, की जन्मापासून मरणापर्यंतचं पाणी क्रमाने वाचता येतं. अगदी मधला ठिपका तर आईचा असतो. अंड्यातला बलक तिच्या अंगात तयार होतो, त्यामुळे ती समुद्रातून आली असेल तर तिथे समुद्र उमटतो. म्हणजे फराक्क्याच्या वरच्या एका माशात दोन पिढ्यांची साक्ष मिळू शकते.

ही साक्ष जपून वाचावी लागते. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 8 मिलीग्रॅम स्ट्रॉन्शियम असतं, गंगेत 0.1 च्या आसपास किंवा त्याहून कमी. त्यामुळे नदीत 5 टक्के खारं पाणी मिसळलं, तरी तिथलं बहुतेक स्ट्रॉन्शियम समुद्राचं होतं. खड्यात समुद्र दिसला, तर मासा कदाचित खाडीपर्यंतच गेला असेल.

फराक्क्याच्या आधीचे खडे मिळाले असते, तर तुलना करता आली असती. पण संग्रहालयात मासे ज्या फॉर्मलिनमध्ये मुरवतात, ते आम्लधर्मी झालं की खडा विरघळतो. बाटलीत मासा उरतो, त्याची नोंद जाते.

बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्था आता फराक्क्याच्या खाली पकडलेले हिलसे वर नेऊन सोडते, काहींना खुणेच्या चकत्या लावते. या प्रयत्नाचं यश मोजायचं तर पुढच्या पिढीचे खडे लागतील. इलिशचं डोकं बंगालात भाजीत घालून आवडीने खातात, आणि खडा ताटाच्या कडेला पडून कचऱ्यात जातो. मला वाटतं, नदी अडवण्याआधी जसं तिचं पाणी मोजतात, तसे तिच्यातल्या माशांचे काही खडेही कोरडे करून, तारीख आणि जागा लिहून, कागदी पाकिटांत ठेवले पाहिजेत. त्याला ना मोठी जागा लागते, ना मोठा खर्च. नाही ठेवले, तर पुढच्या बंधाऱ्याच्या वादातही ‘पूर्वी इथे मासा यायचा’ एवढंच म्हणायला आपल्या हातात उरेल.