तोफ बिघडली तर कुठे न्यायची?



बैलगाडीचे चाक मोडले तर आपण सुताराकडे जातो. नांगराचा फाळ बोथट झाला तर लोहाराच्या भात्यापाशी जाऊन बसतो. पण विहिरीवरचा पंप बंद पडला आणि त्याचा भाग गावात मिळेना, तर तो शहरात, प्रसंगी कारखान्यापर्यंत पाठवावा लागतो. तो परत येईपर्यंत उभे पीक सुकते आणि आपण हात चोळीत बसतो. वस्तू आपली, पण तिची नाडी दुसऱ्याच्या हाती!

राज्यांच्या हत्यारांचेही असेच होते. लढाया कोणी जिंकल्या हे आपण शाळेत शिकतो. पण मोडलेली बंदूक आणि बिघडलेली तोफ कोणाकडे जात होती, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज तेवढेच पाहू या.

आधी तोफ बिघडते कशी, ते बघा. तोफेच्या मागच्या अंगाला बत्ती देण्यासाठी एक बारीक छिद्र असते. त्याला काना म्हणतात. सारखा मारा केला की तापलेल्या वायूने हा काना झिजून मोठा होतो, आणि गोळ्यामागचा जोर तिथूनच निसटतो. म्हणून जुने लोक तोफेला फार जपत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, कान्यात मेण भरावे आणि वर आच्छादन घालावे अशी ताकीद आहे. एवढे करूनही तोफ कामातून गेली, तर पंचधातूची तोफ वितळवून पुन्हा ओतता येई. बिडाच्या तोफेला तडा गेला की मात्र ती बहुधा गेलीच.

पण ओतणार कोण? आपल्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यावर एके काळी मुलुख मैदान तोफ होती. ती १५४९ साली अहमदनगरच्या निजामशाहीत रूमी खान नावाच्या तुर्की कारागिराने ओतली. वजन सुमारे ५५ टन, लांबी १४ फुटांहून अधिक. १६३२ साली ती परांड्याहून विजापूरला नेली. चारशे बैल आणि दहा हत्ती लागले, असे सांगतात. अशी तोफ दुरुस्तीसाठी माघारी पाठवायची म्हटले, तर ते कसे जमावे? तोफ कारागिराकडे जाऊ शकत नव्हती. कारागिरालाच तोफेकडे यावे लागे. म्हणून दख्खनचे सुलतान असे कारागीर आपल्या पदरी ठेवीत.

बंदुकीची अडचण निराळी. अठराव्या शतकातली चकमकीची बंदूक हाताने, कानशीने घासून जुळवलेली असे. एका बंदुकीचा घोडा किंवा कमान दुसरीला नेमकी बसेल याची खात्री नसे. कमान तुटली की पोलादाला पाणी देणारा जाणता कारागीरच हवा. पलटणीत हजारो बंदुका असल्या, तर त्यांच्यामागे कारखानाही हवा.

हे आपल्या राज्यकर्त्यांना कळत नव्हते असे मुळीच नाही. निजामाच्या पदरी असलेल्या रेमाँ या फ्रेंच सरदाराने १७८६ साली हैदराबादेत ओतशाळा घातली. तिच्यावरून पडलेले गनफाउंड्री हे नाव त्या शहरात अजून चालते. ११ मार्च १७९५ रोजी आपल्या जिल्ह्याच्या शिवेलगत खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा रेमाँच्या पलटणी निजामाकडून लढल्या होत्या. तिकडे महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी डी बॉयनने आग्र्याला कारखाना उभारला होता. सँगस्टर नावाचा स्कॉच माणूस तिथे तोफा ओती आणि दहा रुपयांत एक याप्रमाणे बंदुका तयार करी.

हत्यार होते, कारखाना होता. मग बिनसले कुठे?

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या मधे, असईची लढाई झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. त्यांतल्या पंचधातूच्या तोफा उत्तम आहेत, असे खुद्द सेनापती वेलस्लीने कळवले. म्हणजे माल कच्चा नव्हता. पण कंपनी सरकारने आधीच जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज माणसांना फोडायला सुरुवात केली होती. फौजेचा मुख्य, पेराँ हा फ्रेंच माणूस, त्याच महिन्यात शत्रूच्या आश्रयाला गेला. १८ ऑक्टोबरला आग्र्याचा किल्ला पडला. दक्षिणेत तोफा गेल्या आणि महिन्याभरात उत्तरेत त्या ओतण्याची जागाही गेली. गोलंदाज आपले होते. पण कारखान्याच्या आणि फौजेच्या किल्ल्या परक्यांच्या कमरेला होत्या.

निजामाची गत याहून निराळी झाली नाही. रेमाँ १७९८ च्या मार्चमध्ये वारला. सप्टेंबरात कंपनीशी तह झाला आणि ऑक्टोबरात त्याच्या पलटणी निःशस्त्र करण्यात आल्या. पुढे हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज उभी राहिली. आपल्या अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, तिची छावणी होती. पगार निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा! त्या खर्चाच्या कर्जापायी १८५३ साली वऱ्हाड निजामाला इंग्रजांच्या हवाली करावे लागले. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिळून गेली.

शेवटच्या निजामालाही हे चुकले नाही. त्याच्या फौजेची हत्यारे हिंदुस्थान सरकारमार्फत येत. १९४८ साली ती वाट बंद झाली, तेव्हा सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकडून कराचीहून चोरून शस्त्रे आणवण्याची पाळी आली. ते राज्य लोकांच्या लढ्यापुढे टिकणारे नव्हतेच. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला सारे आटोपले. विमानातून उतरलेल्या पेट्यांनी ते वाचले नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. मुलांना घेऊन धारूरचा किंवा परांड्याचा किल्ला पाहायला जाल, तेव्हा तिथे कोण लढले हे तर सांगाच. पण ही तोफ कोणी ओतली असेल, बिघडल्यावर ती कोणी नीट केली असेल, हेही मुलांना विचारा. ओतारी, लोहार, शिकलगार यांची नावे बखरींत फारशी सापडत नाहीत. पण त्यांच्या हातची विद्या राज्याने आपल्याजवळ किती जपली, यावर त्या राज्याचे पुष्कळसे बळ अवलंबून होते. वर्गातले एखादे पोर पंप स्वतः खोलून पाहू लागले, तर त्याला रागावू नका. जवळ बसून पाना हातात द्या.