डीव्हीआर सुरक्षितपणे बंद करणे
डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर अर्थात डीव्हीआर हे घरातील सुरक्षा कॅमेऱ्यांचे चित्रण हार्ड डिस्कवर साठवणारे यंत्र होय. चित्रण आधी तात्पुरत्या स्मृतीत येते व मग डिस्कवर उतरते. त्यामुळे वीज अचानक तोडल्यास अखेरचे काही क्षण नष्ट होऊ शकतात. प्रसंगी फाइलींची रचना बिघडून जुने चित्रणही वाचता येत नाही.

यंत्र बंद करण्यापूर्वी महत्त्वाचे चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून घेतात. नंतर मेनूतील ‘शटडाउन’ हा पर्याय निवडून डिस्क थांबल्यावरच विजेचे बटण बंद करतात. मेमरी कार्डावर चित्रण साठवणाऱ्या कॅमेऱ्यात कार्ड काढण्यापूर्वी ध्वनिचित्रमुद्रण थांबवणे इष्ट असते. अवचित वीज गेल्यास यूपीएसमुळे यंत्र रीतसर बंद करण्यास अवधी मिळतो.

यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर तारीख व वेळ तपासणे आवश्यक असते, कारण चुकीच्या वेळेमुळे पुराव्याविषयी शंका उपस्थित होऊ शकते. डिस्क भरल्यावर सामान्यतः जुन्या चित्रणावर नवे चित्रण नोंदले जाते; म्हणून चोरी वा अपघातानंतर प्रत काढण्यास विलंब करणे धोक्याचे ठरते. भारतात असे चित्रण न्यायालयात सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ अन्वये प्रमाणपत्र जोडावे लागते.