खळ, डिंक आणि बडोद्याची कागदपत्रे

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत एखाद्या पेटीत जपून ठेवलेले कागद हमखास सापडतात. इनामाची सनद, हुजूर कचेरीचा हुकूम, पणजोबांची गुंडाळी केलेली जन्मपत्रिका. त्यांचा इतिहास आपण मजकुरात शोधतो. सरकारी दफ्तरात काम करणारे आम्ही तो कागदाच्या जोडांतही पाहतो.

गायकवाडी कारभारातले जुने मोडी कागद हातकागदाचे. कागद तयार करताना त्याला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे बोरूने लिहिताना शाई फुटत नसे. शाई काजळीची, आणि तिला धरून ठेवणारा बाभळीचा डिंक. मजकूर लांबला की कागदाला कागद खळीनेच जोडत. अशा एकेका तुकड्याला ‘बंद’ म्हणत. मधला बंद कोणी बदलू नये म्हणून महत्त्वाच्या कागदांवर पाठीमागे नेमका जोडावर शिक्का उठवत. म्हणजे कागद, अक्षर आणि पुरावा, तिन्ही खळ-डिंकाच्याच भरवशावर.

खळीचा दोष एकच, ती कसर आणि वाळवीलाही आवडते. म्हणून बांधणीवाले तिच्यात मोरचूद किंवा तुरटी घालू लागले. कीड दूर राहिली. पण मोरचुदातले तांबे आणि तुरटीतले आम्ल कागदाला हळूहळू ठिसूळ करते. हाडा-कातड्याचा सरस पुस्तकाच्या पाठीला ठीक, पण पातळ कागदावर वाळून कडक होतो आणि कागद त्याच्या कडेलाच तुटतो.

सयाजीराव महाराजांच्या काळात १८९४ मध्ये संग्रहालय, १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय आणि १९२७ मध्ये प्राच्यविद्यामंदिर उभे राहिले. हजारो हस्तलिखिते गोळा झाली आणि ती टिकवायची कशी, हा प्रश्न पुढे आला. देशभरच्या दफ्तरांत जीर्ण कागदावर खळीने रेशमी शिफॉन चिकटवत. आपल्या हवेत ते रेशीमच काही दशकांत जीर्ण होई. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा ॲसिटोनने चिकटवण्याची पद्धत निघाली. तो उतरवणे किती अवघड, हे नंतर कळले. या अनुभवांतून जगभर एक नियम पक्का झाला : जे लावाल, ते उद्या कागदाला इजा न करता काढता आले पाहिजे.

या कसोटीवर जुनी खळच पुन्हा उतरली, फक्त शुद्ध होऊन. आपल्याकडे कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात, तीच तिची सुरुवात. चिकट प्रथिन निघून जाते, उरते निव्वळ सत्त्व. ते शिजवून, गाळून, पातळ करून लावतात. गरज पडल्यास ओलाव्याने सुटते. पण डिंकाची शाईही पाण्याने सुटते! म्हणून आधी कोपऱ्यातल्या एखाद्या टिंबावर किंचित ओला कापूस टेकवून पाहावे लागते.

घरोघरी मात्र फाटलेल्या सनदेवर चिकटपट्टी लावलेली दिसते. काही वर्षांत पट्टी गळते, तिचा चीक कागदात मुरतो आणि पिवळा-तपकिरी डाग अक्षरांवर कायमचा बसतो. सुतारकामाचा पांढरा फेव्हिकॉल एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही.

प्राच्यविद्यामंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९७५ मध्ये पूर्ण केली, ती अनेक हस्तलिखिते ताडून. एका पोथीतले अक्षर गेले तर दुसरीत सापडते. घरातल्या सनदेची प्रत बहुधा एकच असते. तेव्हा एवढेच करावे : सुटलेला जोड सुटलेलाच राहू द्यावा, तुकडे एकत्र ठेवावेत, स्वच्छ सुती रुमालात बांधावेत आणि दुरुस्तीसाठी जाणत्याकडे न्यावेत. चिकटपट्टीचे रीळ मुलांच्या वह्यांपुरतेच असू द्यावे.