मोकळ्या जागेचा वारसा

ज्युबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याचा प्रघात आहे, आणि मागें पाहतांना आपण बहुधा दगडविटांचीच मोजदाद करितों. देऊळ केव्हां उभें राहिलें, घंटा कोणीं दिली, मनोरा कधीं चढला, हें सारें आपण आवडीनें लिहून ठेवितों. परंतु दोन भिंतींच्या मध्यें जी जागा पूर्वजांनीं मोकळी राखिली, तिची नोंद कोणी करीत नाहीं. या लेखांत आम्ही तशा जागेचा इतिहास सांगणार आहों. तो भिवंडीचा नव्हे, दादर-माटुंग्याचा आहे. आमच्यापैकीं पुष्कळजण ठाण्याहून किंवा कल्याणहून गाडी धरून दादरास नित्य उतरतात. पण स्थानकाच्या पूर्वेस हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी ओलांडून फाइव्ह गार्डनपर्यंत पायीं गेलेले थोडेच असतील.

या वसाहतीचा जन्म मरणाच्या छायेंत झाला. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवीच्या वस्तींत प्लेगचा रोग ज्यांनीं प्रथम ओळखला, ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस आपलेच धर्मबंधु, मूळचे गोव्यांतील हडफडें गांवचे. पुढें १९०६ सालीं ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्षही झाले. त्या सांथींत सहस्रावधि लोक शहर सोडून पळाले. वांद्र्याच्या वाटांवर भाविकांनीं त्या दिवसांत रक्षणार्थ उभारलेले क्रूस आजही उभे आहेत; आपल्या आयाबाया तेथें मेणबत्ती लावितात, पण ते कोणत्या संकटाचे साक्षी आहेत हें मुलांना क्वचितच ठाऊक असतें.

ज्या घरांत वारा नाहीं व ऊन नाहीं, तेथें रोग ठाण मांडितो, असें सरकारच्या मनानें घेतलें, आणि १८९८ सालीं कायद्यानें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनें प्रथम जुन्या वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढिले. यांत गरिबांचीं घरें गेलीं आणि ते शेजारच्या चाळींत अधिकच दाटीनें राहूं लागले. हा दोष झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. मग ट्रस्टची दृष्टि उत्तरेकडील शेतांकडे व ताडामाडांच्या बनांकडे गेली. योगायोग असा कीं, त्याच १८९८ सालीं इंग्लंडांत एबेनेझर हॉवर्ड यांनीं उद्याननगराची कल्पना मांडणारें पुस्तक प्रसिद्ध केलें, व १९०३ मध्यें लेचवर्थ येथें तसें पहिलें नगर वसूं लागलें. हॉवर्ड यांच्या नगरांत कारखानेही असावयाचे होते. दादर-माटुंग्याचा रहिवासी मात्र सकाळीं कचेरीस दक्षिणेकडे जाणार, म्हणून तें नगर नव्हे, उपनगरच.

ट्रस्टचे चेअरमन ऑर साहेब यांचा एक नियम येथें समजावून सांगणें अवश्य आहे, कारण सारी वसाहत त्यावर उभी आहे. एका इमारतीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा कल्पावी. तिनें जमिनीशीं साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक कोन करूं नये. म्हणजे समोरची इमारत ६० फूट उंच असेल, तर मध्यें निदान ३० फूट जागा मोकळी हवी. असें असलें म्हणजे तळमजल्यावरील खोलींतही आकाशाचा प्रकाश पोंचतो. श्रीमंताच्या गच्चीकरितां नव्हे, तर सर्वांत खालच्या खिडकीकरितां केलेला हा नियम आम्हांस फार थोर वाटतो. त्यांतूनच तळमजल्यावर दोन मजल्यांचीं ठेंगणीं घरें, भोंवतीं आवार, आणि रस्त्यांच्या कडांना झाडांच्या रांगा अशी रचना झाली.

माणसेंही नानाविध आलीं. मंचेरजी एदलजी जोशी या अभियंत्यानें खटपट करून मध्यमवर्गीय पारशांसाठीं १०३ भूखंड मिळविले, आणि त्या वसाहतीस त्यांच्या इतर बागांप्रमाणें कुंपण घातलें नाहीं. परका मनुष्यही तेथील सांवलींतून चालूं शकतो. हिंदु कॉलनींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३० नंतरच्या वर्षांत ‘राजगृह’ बांधलें, तें मुख्यत्वें आपल्या ग्रंथांना जागा व्हावी म्हणून. माटुंग्यास दक्षिणेकडील कुटुंबें वसलीं, आणि तेथेंच डॉन बॉस्कोच्या सालेशियन धर्मगुरूंनीं विद्यालय चालविलें व १९५७ सालीं मरियामातेचें मोठें देऊळ उभारिलें. आपल्या समाजानेंही हा मार्ग ओळखला होता: १९१८ सालीं वांद्र्यास साष्टी कॅथोलिक सहकारी गृहसंस्था निघाली, आणि तिकडील रस्त्यांना संत लिओ, संत सिरिल, संत मार्टिन अशीं नांवें लाभलीं.

आतां या वारशाचें काय होत आहे तें पाहूं. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडेकरूचें छत्र राखिलें, पण भाडीं गोठल्यामुळें घरमालकास डागडुजीचा उत्साह उरला नाहीं. इमारती जीर्ण झाल्या, जमीन सोन्याच्या मोलाची झाली, आणि ठेंगण्या घरांच्या जागीं मनोरे चढूं लागले. १९९५ सालीं मुंबईंत वारसावास्तूंचे नियम लागू झाले. २०१२ सालीं नवी विस्तृत यादी प्रसिद्ध होऊन तींत शिवाजी पार्क व दादर-माटुंग्याकडील भाग आले, तेव्हां कित्येक रहिवाशांनींच विरोध केला. त्यांना अविचारी म्हणणें सोपें आहे. ज्याच्या घराचा गिलावा अन्नाच्या ताटांत पडतो, त्यास ‘वारसा जपा’ म्हणून सांगणारा शेजारी गोड लागत नाहीं.

आमचें मत असें कीं, येथें राखावयाची वस्तु गिलावा नव्हेच. दादरच्याच पोर्तुगीज चर्चचें उदाहरण घ्या. त्या देवळाची स्थापना १५९६ ची. जुनी इमारत जाऊन १९७० नंतरच्या दशकांत चार्ल्स कोरिया यांनीं नवी रचिली, तींत अंगणें व आकाश यांना मानाचें स्थान दिलें. जुन्या देवळासाठीं हळहळणाऱ्यांचें दुःख खरें होतें. तरी हवा व उजेड तेथें टिकले. लंडनजवळील हॅम्पस्टेडच्या उद्यानवसाहतींत (१९०७) याहून नेटकी व्यवस्था आहे: १९६८ सालीं तेथें नवा विश्वस्तमंडळ-संघ झाला, व १९७४ सालीं न्यायालयानें मान्य केलेल्या योजनेनुसार घराचा बाह्य भाग बदलण्यास किंवा आवारांतील झाड तोडण्यास मालकासही संमति घ्यावी लागते. घर ज्याचें त्याचें. रस्त्याचें रूप सर्वांचें. दादरास यादी केली गेली, पण असा करार कोणी केला नाहीं, आणि जीर्ण घर दुरुस्त करण्याचा खर्च कोण सोसणार, हा प्रश्न तसाच लोंबत राहिला.

भिवंडीस असा ट्रस्ट कधींच लाभला नाहीं. येथें मागावर माग आणि खोलीवर खोली चढत गेली. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाऊंडमधील तीन मजली इमारत कोसळली व तीसांहून अधिक जीव गेले, हें येथें कोणास सांगावयास नको. अशा शहरांत देवळाचें आवार ही केवळ आपली मिळकत नसते. शेजाऱ्याच्या खालच्या खिडकीचा प्रकाशही तेथूनच येतो. म्हणून आमची एक सूचना आहे. पुढील बांधकामाचा विचार निघण्यापूर्वीं आवाराचा नकाशा काढावा. त्यांत देऊळ, शाळा, विहीर व प्रत्येक झाड दाखवावें, त्यांमधील अंतरें फुटांत लिहावीं, आणि तो कागद बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांच्या कपाटांतच ठेवावा.