दंडावरचा व्रण

माझ्या दंडावर बीसीजीचा जुना व्रण आहे. क्षयावरची हीच लस एकेकाळी रक्ताच्या कर्करोगावरही टोचली गेली, हे वाचून मी थबकलो. पॅरिसजवळच्या व्हिलज्विफमध्ये जॉर्ज माते यांनी १९६९ साली निष्कर्ष मांडले : औषधांनी ल्युकेमिया ओसरल्यावर लस न दिलेल्या दहाही रुग्णांत तो उलटला, बीसीजी वा निष्प्रभ केलेल्या कर्कपेशी टोचलेल्या वीस जणांपैकी काही मात्र दीर्घकाळ बरे राहिले. आशा पालवली. १९७१ साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत बीसीजी घेतलेली मुलं आणि काहीच न घेतलेली मुलं यांच्यात फरक दिसला नाही. मेथोट्रेक्झेट घेणारी अधिक काळ रोगमुक्त राहिली. तुलनेसाठी विनाऔषध ठेवलेली ती मुलं इतिहासात निनावीच राहिली. खोटी आशा मोडण्याची किंमत त्यांनीच मोजली.